रिकामी ओळ

परिषद संपून तीन आठवडे झाले.
ज्यूटच्या पिशव्या अजून कोपऱ्यात पडल्यात,
'गंज आणि किनारा' असं छापलेल्या,
जेवणाची उरलेली कुपनं त्यांतच.
माटुंग्याला, तिसऱ्या मजल्यावर,
गळणाऱ्या एसीखाली बादली सरकवून
आम्ही चौघं
एकशे बारा शोधनिबंधांतून सोळा निवडायला बसलोय.

सोळाच. नियतकालिकाची पानं ठरलेली असतात
हे दर वर्षी कुणीतरी नव्यानं सांगतं.
या वर्षी परेरानं सांगितलं.

मौलिकता, पद्धत, मांडणी, भाषा,
प्रत्येकाला दहापैकी.
दुपारपर्यंत हात आपोआप सहा लिहायला लागतो.
मोठ्या संस्थेचा एक निबंध येतो,
त्यातला आलेख इस्त्री केल्यासारखा,
चार वर्षांत एकदाही न अडखळलेला.
होमाईबाई चष्मा कपाळावर ढकलतात:
"समुद्राला एवढी शिस्त कोणी लावली?"
आम्ही हसतो. आठ गुण देतो.

मग ब्याऐंशी नंबर.
ह. ल. नाखवा, विज्ञान शिक्षक, करंजा.
परिषदेत याचं पोस्टर प्रसाधनगृहाच्या वाटेवर लावलं होतं;
लोक थांबायचे, पण त्याच्यासाठी नाही.
नऊ वर्षं धक्क्याच्या खांबाला लोखंडी पट्ट्या बांधून
दर अमावस्येला सोडवल्या,
गावच्या सोनाराच्या काट्यावर तोलल्या.
सांख्यिकी नाही. संदर्भ पाच, त्यांतलं एक क्रमिक पुस्तक.
भाषेला मी तीन दिले, आणि तेही हात सैल सोडून.

तक्ता मात्र पाच पानांचा.
सहाव्या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट,
तीन घरं कोरी.
खाली बारीक अक्षरात:
या काळात मोजलं नाही. वडील केईएममध्ये होते.

टिपणीस म्हणाले, एवढंच ना,
मागचे-पुढचे आकडे घ्या, मधली सरासरी टाका,
सगळेच टाकतात.
तसं कळवायचं काम माझ्याकडे आलं.

फोनवर मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं.
त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
"बाई, पट्टी तेव्हा पाण्यातच होती.
गंजत होती.
मी नव्हतो.
मी नव्हतो, ते सरासरीनं कसं भरू?"
मग, जरा थांबून,
"छापायचं नसेल तर राहू द्या,
पावसाच्या आत पोरांना पट्ट्या बदलायच्यात."

माझ्या प्रबंधात, आकृती सातमध्ये,
डावीकडून नववा ठिपका आहे.
तो मी मोजलेला नाही.
त्या रात्री इलेक्ट्रोड बिघडला होता,
सकाळी मार्गदर्शक येणार होते,
आणि आठव्यापासून दहाव्यापर्यंतची वाट
इतकी उघड होती, की मी चालून गेले.
वक्र पाहून ते म्हणाले होते, वा.
एकोणतीस वर्षांत
एकशे चाळीस जणांनी ती आकृती आधाराला घेतली.
कुणाचं काही कोसळलं नाही,
माझ्या ऐकिवात तरी.

मतं दोन-दोन पडली.
चहा आला, बिस्किटं मऊ पडलेली.
परेरा म्हणाला, सहा गुणांचा माणूस आहे, का भांडतेस?
मी ठिपक्याचं काही बोलले नाही.
एवढंच म्हटलं, की एकशे बारा निबंधांत
न मोजल्याची नोंद करणारा
हा एकच.

होमाईबाईंनी उत्तर दिलं नाही,
फक्त इस्त्रीवाला निबंध उचलून
त्याचा तिसरा आलेख सातव्यावर धरला,
खिडकीच्या उजेडात.
दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसले,
वेगवेगळ्या खाड्यांचे, वेगवेगळ्या सालांचे.
बराच वेळ बादलीत पाणी पडत राहिलं.

संध्याकाळी मुद्रकासाठी चिठ्ठी लिहिली:
निबंध सोळावा, नाखवा.
भाषा आम्ही दुरुस्त करून देऊ.
तक्त्याला हात लावू नये.
ती ओळ रिकामीच छापावी, रेघ किंवा शून्य न घालता.
जुळणी करणारा मुलगा विचारेल,
मॅडम, इथं काही राहिलंय का?
त्याला सांगा,
हो.